नराचे वय आणि वजन : शिंगांपलीकडची साक्ष

बैलबाजारात सौदा ठरण्याआधी व्यापारी बैलाच्या तोंडाकडे वळतो. एका हाताने नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढायचा, समोरच्या दातांवर एक नजर टाकायची आणि एका शब्दात वय सांगायचे: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत. साधारण दोन वर्षांच्या सुमारास मधली जोडी बदलली की दुसा. पुढे एकेक जोडी बदलत जाते आणि चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत आठही दात कायमचे झाले की बैल जुळला. ही परीक्षा सहसा चुकत नाही, कारण दात बदलण्याचा क्रम जनावराच्या शरीरातच ठरलेला असतो. पण बैल एकदा जुळला की त्याच व्यापाऱ्याची भाषा बदलते. मग तो सहा की आठ असे ठामपणे सांगत नाही. दात किती झिजले, शिंगाच्या बुडाशी किती वळ्या पडल्या, चाल कशी आहे, हे सारे एकत्र तोलून तो अंदाज देतो आणि त्या अंदाजात एखाद्या वर्षाची सूट ठेवतो. रानातल्या नर हरणाचे वय ओळखण्याचे सगळे शास्त्र या एका फरकात सामावलेले आहे. फरक इतकाच की रानात ओठ ओढून बघण्याची सोय नाही. जनावर शंभर पावलांवर उभे असते, मान वर करून आपल्याकडे बघते आणि पुढच्या क्षणी झाडीत दिसेनासे होते.

रानातल्या नराचे वय आणि वजन ओळखण्याचा हा प्रश्न बेंगळुरूच्या संदर्भात विचारायला सबळ कारण आहे. शहराच्या दक्षिण सीमेला बन्नेरघट्टाचे जंगल भिडलेले आहे. १९७४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि तिथे चितळ व सांबर आहेत. उत्तरेला तुमकुरू जिल्ह्याच्या मधुगिरी तालुक्यात मैदनहळ्ळीचे माळरान आहे. तीन चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक क्षेत्राच्या या गवताळ पट्ट्याला २००७ साली जयमंगली काळवीट राखीव क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला. महाराष्ट्रातल्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्याचे ते भावंडच म्हणावे. रेहेकुरी १९८० सालचे आणि क्षेत्राने त्याहूनही लहान. शिवाय भारतीय विज्ञान संस्थेचे परिस्थितिकी केंद्र याच शहरात आहे, आणि नागरहोळेच्या जंगलातील वाघ व त्याच्या भक्ष्यावर दीर्घकाळ काम केलेले डॉ. उल्लास कारंथ इथूनच काम करत आले. तेव्हा चितळाचा नर किती वर्षांचा आणि किती किलोंचा, हा प्रश्न या परिसरात रोजच्या कामाचा आहे. तो शिकाऱ्याचा मात्र राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार बंद केले. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून घरी नेता येत नाही. मारून तराजूवर ठेवणे हा मार्ग मिटला. म्हणूनच जिवंत जनावराकडे दुरून बघून बरोबर अंदाज करणे ही आज गरजेची विद्या झाली आहे.

या विद्येतली सर्वांत मोठी चूक डोळ्यापासूनच सुरू होते. नर दिसला की नजर आधी शिंगांवर जाते. संस्थानी काळातल्या शिकारीने ही सवय पक्की केली. १८९२ पासून निघू लागलेल्या रोलंड वॉर्डच्या विक्रमांच्या पुस्तकात जनावराची किंमत शिंगांच्या इंचांवर ठरत असे. मोठे शिंग म्हणजे मोठा नर, मोठा नर म्हणजे म्हातारा आणि वजनदार, ही समजूत तिथून घरोघर पोचली. या समजुतीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. शिंगाची लांबी, वय आणि वजन यांचे नाते लहानपणी घट्ट असते, तारुण्यात सैल होते आणि म्हातारपणी तुटते. हे का होते ते समजले, तर अंदाज कुठवर ताणायचा तेही आपोआप समजते.

मुळात चितळाचे शिंग आणि काळविटाचे शिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काळविटाचे शिंग बैलाच्या शिंगासारखे असते. आत हाड, त्यावर नखासारख्या पदार्थाचे पोकळ म्यान, आणि ते जन्मभर टिकते. चितळाचे शिंग म्हणजे नुसते भरीव हाड. ते कवटीवरच्या दोन उंचवट्यांतून उगवते, वाढताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते, वाढ संपली की ती कातडी सुकून झाडांवर घासली जाते आणि काही महिन्यांनी सबंध शिंग गळून पडते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काळविटाच्या शिंगात मागची सगळी वर्षे साठत जातात. चितळाच्या शिंगात फक्त चालू वर्ष असते. एकाच्या खतावणीत जुनी पाने आहेत, दुसऱ्याने दरवर्षी पाटी पुसून नवे लिहिले आहे. असे असताना दोघांना एकच फूटपट्टी लावली, तर उत्तर चुकणारच.

काळविटापासून सुरुवात करू, कारण त्याची खतावणी वाचायला सोपी वाटते. नराला जन्मानंतर काही महिन्यांत शिंगांचे कोंब दिसू लागतात. पहिल्या वर्षात ती आखूड आणि जवळजवळ सरळ असतात. दुसऱ्या वर्षात पहिला पीळ उघडतो आणि तिसऱ्या वर्षापासून पुढे तीन-चार पिळांचे, व्ही आकारात फाकलेले रूप तयार होते. इतके दिसले तरी पाडस, तरणा आणि पूर्ण वाढलेला असे तीन वर्ग खात्रीने पाडता येतात. फसगत होते ती पुढे. शिंगावरच्या आडव्या वळ्या बघून पुष्कळांना झाडाच्या वर्तुळांची आठवण होते आणि वळी म्हणजे वर्ष असा हिशोब सुरू होतो. युरोपातल्या आयबेक्ससारख्या डोंगरी बकऱ्यांत थंडीत वाढ थांबते आणि शिंगावर वर्षाची स्पष्ट खूण उमटते, तिथे हा हिशोब चालतो. काळविटाच्या वळ्या वर्षाच्या नाहीत. त्या मोजायला गेलो तर काळविटाच्या दहा-पंधरा वर्षांच्या आयुष्यात मावणार नाहीत इतक्या भरतात. शिवाय शिंगाची वाढ प्रौढपणी मंदावते, टोके झिजतात, झुंजीत तुटतात. चौथ्या वर्षीचे शिंग आणि आठव्या वर्षीचे शिंग यांत दुरून दिसेल असा फरक उरत नाही.

रंगाचेही तसेच. काळविटाचा नर तांबूस-पिवळा जन्मतो आणि वयाबरोबर गडद होत जातो, हे खरे. पण गडदपणा ऋतूनुसारही बदलतो. कात टाकल्यासारखे जुने केस गेले की अंग फिके पडते, विणीचा काळ जवळ आला की पुन्हा काळे होते. त्यातही दक्षिण भारतातले नर सहसा कोळशासारखे काळे होतच नाहीत, गडद तपकिरीवर थांबतात. गुजरातेतल्या वेळावदरचा काळाकुळकुळीत नर डोळ्यांसमोर ठेवून मैदनहळ्ळीच्या तपकिरी नराला तरणा ठरवले, तर तो चांगला पाच-सहा वर्षांचा निघू शकतो. म्हणजे वयाची खूण वाचताना आधी गाव विचारावे लागते, मग ऋतू, आणि त्यानंतर वय.

चितळाची पाटी दरवर्षी पुसली जात असली, तरी ती अगदीच निरुपयोगी नाही. पहिल्या शिंगाला फाटे नसतात, सुळ्यासारखी दोन टोके असतात. त्या नराला वर्ष ते दोन वर्षांचा म्हणायला हरकत नसते. पुढच्या वर्षांत तीन टोकांचे नेहमीचे शिंग येते: एक टोक कपाळापाशी पुढे झुकलेले आणि वर मुख्य दांड्याला दोन फाटे. सुरुवातीला ते बारीक आणि आखूड असते, मग जाड आणि लांब होत जाते. लांबी मोजायला रानात पट्टी नसते, म्हणून कानाचा आधार घेतात. पूर्ण वाढलेल्या नराचा कान वर्षागणिक बदलत नाही, म्हणून शिंग कानाच्या किती पट आहे हे बघायचे. कान्हात १९६३ ते १९६५ या काळात चितळांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांच्या पुस्तकापासून शिंगांच्या आकारावरून नरांचे वर्ग पाडण्याची रीत भारतात रुळली. पण दोन सापळे लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला असा की चितळांचे सगळे नर एकाच महिन्यात शिंगे टाकत नाहीत. एकाच कळपात एकाची शिंगे टणक असतात, दुसऱ्याची मखमलीत वाढत असतात, तिसऱ्याच्या डोक्यावर नुसते उंचवटे असतात. मखमलीतली बोटभर शिंगे बघून सात वर्षांच्या नराला दीड वर्षाचा ठरवणे ही नेहमीची चूक आहे. दुसरा असा की उतारवयात शिंग पुन्हा खुजे होऊ लागते. त्यामुळे मध्यम शिंगाचा नर चढणीवर आहे की उतरणीवर, हे शिंग सांगत नाही. ते सांगतो शिंगाखालचा उंचवटा. दर वेळी शिंग गळताना त्याचा थोडा भाग झिजतो, म्हणून वयाबरोबर तो आखूड आणि रुंद होत जातो. तरण्या नराची शिंगे डोक्यावर खुंट्यांवर बसवल्यासारखी दिसतात, म्हाताऱ्याची कवटीतूनच फुटल्यासारखी.

आता दातांकडे येऊ, कारण शिंगावर ज्यांचा विश्वास उडतो ते दातांवर पूर्ण विश्वास टाकतात. वाघाने किंवा रानकुत्र्यांनी मारलेल्या हरणाचा जबडा जंगलात सापडतो, तेव्हा खालच्या जबड्यातल्या गालाकडच्या दाढा बघितल्या जातात. दुधाच्या दाढांपैकी मागून पहिली जी असते तिला तीन कप्पे असतात. ती पडून तिच्या जागी दोन कप्प्यांची कायमची दाढ आली की जनावराने बालपण ओलांडले. सगळ्यात मागची तीन कप्प्यांची मोठी दाढ पूर्ण वर आली की ते प्रौढ झाले. इथपर्यंत हरीण आणि बैल यांचे नियम सारखेच पक्के आहेत. त्यापुढे उरते ती झीज. दाढेच्या पांढऱ्या इनॅमलच्या कडा सुरुवातीला धारदार असतात, मधली तपकिरी रेघ बारीक असते. वर्षे जातात तशी कड बोथट होते, तपकिरी रेघ रुंदावत जाते आणि शेवटी दाढ सपाट बशीसारखी होते. ही झीज वयावर जितकी अवलंबून असते तितकीच खाण्यावर. कोरड्या माळावर धूळ बसलेले आखूड गवत खाणारा काळवीट आणि ओल्या जंगलात कोवळा पाला, फुले, फळे खाणारा चितळ यांच्या दाढा एका वेगाने झिजणार नाहीत. अमेरिकेत हरणांचे वय जबड्यावरून सांगण्याची पद्धत १९४९ पासून सर्रास वापरात होती. पण ज्यांचे जन्मवर्ष माहीत आहे अशा हरणांचे जबडे तज्ज्ञांपुढे ठेवून २००२ साली तिची परीक्षा प्रसिद्ध झाली, तेव्हा निष्कर्ष नम्र करणारा निघाला. पाडस, दीड वर्षाचे आणि त्याहून मोठे, इतके तीन वर्गच भरवशाने सांगता येत होते.

इथे सगळ्या पुराव्यांतला समान धागा हाती येतो. हरणाच्या शरीरात दोन प्रकारची घड्याळे आहेत. एक वाढीचे: दात बदलणे, शिंगाचा पीळ, अंगाचा आकार, उंची. हे घड्याळ नेमके चालते, पण तीन-चार वर्षांत थांबते. दुसरे झिजेचे: दाढा, शिंगाचे उंचवटे, ओघळलेले पोट, खोलावलेली पाठ. हे घड्याळ मरेपर्यंत चालते, पण प्रत्येक गावात वेगळ्या गतीने. वाढीच्या घड्याळावर वर्ष सांगावे, झिजेच्या घड्याळावर फक्त वर्ग सांगावा. तिसरा एक पुरावा खरोखर वर्षे मोजतो. दाताच्या मुळाभोवती सिमेंटम नावाचा थर दरवर्षी चढत जातो, दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात पट्टे दिसतात. पण कडक थंडीच्या देशात हे पट्टे ठसठशीत असतात, आपल्याकडे ऋतूंचा फरक सौम्य असल्याने पुसट होतात. आणि मुख्य म्हणजे त्यासाठी दात हातात यावा लागतो. जिवंत नराचे वय जाणण्यासाठी तो उपयोगाचा नाही.

जिवंत नराबाबत म्हणूनच शरीराकडे सबंध बघावे लागते. तरण्या नराचे पाय धडाच्या मानाने लांब वाटतात, मान बारीक असते, छाती उथळ, पोटाची रेघ मागे वर चढत गेलेली. भरातल्या नराची मान जाड होऊन छातीत मिसळते आणि छाती इतकी खोल होते की पाय आखूड भासतात. म्हाताऱ्याची मान पुन्हा उतरते, पाठ मध्ये वाकते, खुब्याची हाडे वर येतात. चितळाच्या चेहऱ्यावर कपाळाची आणि नाकाजवळची काळसर छटाही वयात आलेल्या नरात उठून दिसते. यातली एकेक खूण फसवी आहे. माजाच्या दिवसांत मान सगळ्यांचीच फुगते, उन्हाळ्यात उपाशी तरुणाचीही हाडे दिसतात. पण चार खुणा एकाच बाजूने बोलू लागल्या की साक्ष भक्कम होते, आणि त्या आपसांत भांडू लागल्या की आपण निकाल राखून ठेवला पाहिजे.

वजनाचा प्रश्न वयाहून अवघड आहे आणि त्याचे कारण साधे गणित आहे. डोळा लांबी बघतो. वजन मात्र लांबी, रुंदी आणि खोली या तिन्हींच्या गुणाकाराने वाढते. समजा खांद्याशी ८५ सेंटिमीटर उंचीचा, ६० किलोंचा चितळ समोर आहे. दुरून आपण प्रत्येक माप फक्त दहा टक्क्यांनी जास्त धरले, म्हणजे उंचीत चार-पाच बोटांची चूक केली, तर वजनाचा अंदाज ६० वरून ८० किलोंवर जातो. तितकीच चूक उलट बाजूला झाली तर ४४ वर येतो. चार बोटांच्या चुकीत ३६ किलोंची दरी! उन्हाची तिरीप, उंच गवत, उतारावरची उभी राहण्याची जागा, शेजारी उभी असलेली लहानखुरी मादी, यांपैकी काहीही डोळ्याला चार बोटांनी फसवू शकते. म्हणून अनुभवी निरीक्षकाने नजरेने सांगितलेला एकच आकडा, मग तो ५८ असो की ६३, ऐकायला नेमका वाटला तरी त्या नेमकेपणाला आधार नसतो.

जनावर हाताशी आले की गणित सुधारते. गुरांसाठी शेफरचे सूत्र पशुवैद्यकांत जुने आहे: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी, भागिले ३००, मापे इंचांत, उत्तर पौंडांत. सेंटिमीटर आणि किलोंत हाच भागाकार साधारण १०,८३८ चा होतो. ८४ सेंटिमीटर घेर आणि ८० सेंटिमीटर लांबी धरली तर उत्तर ५२ किलो येते. टेप सैल राहून घेर ८८ भरला तर ५७. म्हणजे चार सेंटिमीटरांत पाच किलो. शिवाय हे सूत्र बैलाच्या बांध्यावर बेतलेले आहे, हरणाचा बांधा वेगळा. दक्षिणेत हत्तीबाबत एक सुंदर ठोकताळा चालतो: पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की खांद्याची उंची येते, आणि उंचीवरून तरुण हत्तीचे वय. भारतीय विज्ञान संस्थेतले रामन सुकुमार यांनी आशियाई हत्तीच्या वाढीवर जे काम केले त्यात उंची आणि वय यांचे नाते काळजीपूर्वक मांडले आहे. हरणाला असा एकही सोपा नियम लागू पडत नाही, कारण त्याची वाढ लवकर थांबते आणि नंतरचे वजन खाणे, माज आणि ऋतू यांच्या हाती जाते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या चाऱ्यापाण्याचेच वजन शरीराच्या दहा-पंधरा टक्के भरू शकते. सकाळी चरून आलेला नर आणि दुपारी तोच नर यांत काही किलोंचा फरक तिथेच पडतो.

मग पुस्तकांतले आकडे कुठून आले, हे विचारायलाच हवे. चितळाचा नर साधारण ३० ते ७५ किलो, क्वचित त्याहूनही पुष्कळ अधिक. काळवीट २० ते ५७ किलो, सरासरी ३८ च्या आसपास. इतका रुंद पल्ला बघून वाचक बुचकळ्यात पडतो. जुन्या शिकारी नोंदींत वजन पोट साफ करण्याआधीचे की नंतरचे हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते, आणि या एका गोष्टीने चतुर्थांश फरक पडू शकतो. आधुनिक मापांचा मोठा भाग परदेशातून येतो. हवाई बेटांवर १८६८ साली चितळ पोचले, टेक्ससमध्ये १९३२ च्या सुमारास चितळ आणि काळवीट दोन्ही सोडले गेले. तिथे शिकार कायदेशीर असल्याने जनावरे तराजूवर आली. हवाईतल्या चितळांवरचा सविस्तर अभ्यास १९६६ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातच छापला गेला. ही माहिती मोलाची आहे. पण त्या बेटांवर वाघ नाही, रानकुत्रे नाहीत, आणि टेक्ससच्या कुरणांत चाऱ्याची तजवीज असते. तिथल्या सरासरीने नागरहोळेचा नर तोलणे म्हणजे एका गावचे माप दुसऱ्या गावच्या धान्याला लावणे.

यावर अनुभवी लोकांचा आक्षेप येतो आणि तो मनापासूनचा असतो. तीस वर्षे जंगलात काढलेल्या वनरक्षकाची नजर या सगळ्या आकडेमोडीहून खरी असते, असे ते म्हणतात. नजरेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. वर दिलेल्या सर्व खुणा अशाच नजरांनी आधी टिपल्या. पण नजर सुधारते ती चूक कळली तर. बैलबाजारातला व्यापारी चुकला तर त्याला पुढच्या हंगामात कळते, कारण बैल कुणाच्या तरी गोठ्यात असतो. रानातला नर अंदाज ऐकून झाडीत जातो, त्याचे खरे वय कुणी येऊन सांगत नाही. पडताळा नसलेला अनुभव आत्मविश्वास वाढवतो, अचूकता वाढवीलच असे नाही. त्यावर उपाय आहे. प्राणिसंग्रहालयांत प्रत्येक जन्माची नोंद ठेवावी लागते, म्हणजे ज्ञात वयाची चितळे आणि काळवीट तिथे नजरेसमोर असतात. वय झाकून अंदाज करायला लावायचा आणि मग नोंदवही उघडायची, अशी तालीम नजरेला खरी धार देते. पिंजऱ्यातले जनावर रानातल्याहून भरलेले असते हे ध्यानात ठेवून वजनासाठी नव्हे, वयाच्या खुणांसाठी ही तालीम घ्यावी.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो: कॅमेरे आहेत, लेझर आहेत, संगणक चित्र ओळखतो, मग अंदाजाची भाषा कशाला? ठराविक अंतरावरचे दोन समांतर लेझर ठिपके अंगावर पाडून छायाचित्र घेतले तर शिंगाची किंवा धडाची लांबी चांगली मोजता येते, हे खरेच आहे. त्यामुळे चार बोटांची चूक एका बोटावर येईल. पण लांबीतून वय काढण्याचा पूल तोच जुना आहे आणि तो प्रौढ वयात तुटलेलाच राहतो. संगणकालाही शिकवायला ज्ञात वयाची जनावरे लागतात. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. चितळाच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. तोच नर पाडस असल्यापासून वर्षानुवर्षे छायाचित्रांत ओळखत गेलो, तर त्याचे वय अंदाजाने काढावे लागणार नाही, ते माहीतच असेल. अशा शंभर नरांची नोंद एका जंगलात झाली, तर त्या जंगलापुरत्या सगळ्या खुणा नव्याने तपासता येतील.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो पशुवैद्यक घेतो. कुंपणात अडकलेल्या किंवा विहिरीत पडलेल्या नराला बेशुद्ध करायचे असते तेव्हा औषध किलोमागे मोजून भरावे लागते. ४५ ते ६० किलो असा पल्ला त्याच्या काय कामाचा? सिरिंजमध्ये एकच मात्रा जाते. मात्र पल्ल्याची खरी गरज इथेच असते. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, रवंथ करणाऱ्याचे पोट फुगते. कमी झाली तर अर्धवट गुंगीत जनावर पळते, धडकते, आणि भीतीने व धावपळीने स्नायू निकामी होऊन पुढच्या काही दिवसांत दगावू शकते. पल्ला माहीत असलेला वैद्य झायलॅझीनसारखे, ज्याचा असर उतरवणारे योहिंबीन उपलब्ध आहे, असे औषध निवडतो, उतारा तयार ठेवतो आणि जनावर आडवे होताच टेप लावून अंदाज दुरुस्त करतो. ५८ या एका आकड्यावर विसंबलेला वैद्य या तयारीविना जातो. पल्ला सांगणे म्हणजे आपल्या अज्ञानाचे माप सांगणे, आणि ते माप माहीत असलेला माणूसच सावध राहू शकतो.

हेच मोठ्या पटावर नागरहोळेत दिसते. कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन मांसभक्षकांच्या मुख्य भक्ष्यांची सरासरी वजने दिली: वाघासाठी ९१.५ किलो, रानकुत्र्यासाठी ४३.४, बिबट्यासाठी ३७.६. संधी मिळेल तिथे वाघ १७६ किलोंहून मोठ्या जनावराकडे वळतो, बिबट्या आणि रानकुत्रे त्याखालच्या गटात राहतात. चितळ, सांबर आणि रानडुकरांत वाघाकडून प्रौढ नर अधिक मारले जातात, हेही त्यात दिसले. एकाच जंगलात तिघे मांसभक्षक कसे नांदतात याचे उत्तर या वजनांत आहे. पण त्या प्रत्येक आकड्यामागे जंगलात सापडलेले अवशेष आणि जबडे आहेत, नर की मादी, तरणे की प्रौढ अशी केलेली वर्गवारी आहे. कुणी प्रत्येक मोठ्या शिंगाच्या नराला म्हातारा आणि ८० किलोंचा धरत गेला असता, तर वाघाला जंगलात किती अन्न आहे हा हिशोब फुगला असता, आणि त्या फुगलेल्या हिशोबावर किती वाघ जगू शकतील हा निर्णयही चुकला असता. एका नराच्या वजनातली चूक हजार नरांच्या बेरजेत गेली की ती जंगलाची चूक होते.

तेव्हा नोंद कशी असावी हे आता सांगता येईल. आधी ठिकाण आणि महिना लिहावा. मग शिंगाची अवस्था: टणक, मखमलीतले की गळलेले. मग कानाच्या पटीत लांबी, उंचवटा आखूड की उंच, मान, छाती, पाठ, पोट. त्यानंतर वय वर्गात लिहावे: पाडस, तरणा, भरातला, उतरणीचा. वर्ष लिहायचे असेल तर फक्त पहिल्या तीन वर्षांपुरते. वजन नेहमी दोन आकड्यांत लिहावे आणि ते नजरेने काढले, लेझरने की टेपने, हे शेजारी नोंदवावे. बन्नेरघट्टाच्या कडेला किंवा रेहेकुरीच्या माळावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ही पद्धत जमण्याजोगी आहे. पुढच्या वेळी नर समोर येईल तेव्हा शिंगांवरून नजर काढून आधी त्याची छाती आणि पाठ बघा, आणि वहीत एक आकडा लिहिण्याऐवजी दोन लिहा. त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत तो नर बहुधा असेल.